कोणत्या शब्दाला कोणतं शेपूट

धुवायला टाकलेल्या कपड्यांचे खिसे तपासले की काही ना काही निघतंच. बसचं तिकीट, सेफ्टी पिन, चांदीसकट दाबलेलं अर्धं चॉकलेट. आमच्या कट्ट्यावरचे किस्से असेच खिशात जमत गेले. त्या त्या वेळी आपण काय खिशात टाकतोय ते कळलं नाही. आता वर्ष संपत आल्यावर झटकायला घेतलं, तर संपतच नाहीयेत.

कट्टा म्हणजे अमरावतीत माझ्या मुलीच्या शाळेच्या गेटसमोर जे झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्यापुढचा सिमेंटचा ओटा. शाळा साडेआठला भरते. आम्ही आया आठपासून तिथे असतो. लवकर येण्याचं कारण एकच, डायरी. शाळेचा नियम असा की मुलाबद्दल जे काही सांगायचं ते डायरीत लिहून सांगायचं, आणि इंग्रजीत. ताप असो, लग्न असो, हरवलेली पाण्याची बाटली असो. मॅडमना गेटवर गाठून सांगितलं की त्या हसून म्हणतात, "प्लीज राइट इन द डायरी."

वैशालीताई परतवाड्याच्या. आमच्यात वयाने मोठ्या, आवाजानेही. नाझिया माझ्यासारखीच अकोल्याची, जुन्या शहरातली. आमच्या दोघींच्या माहेरांमध्ये तीन गल्ल्यांचं अंतर, आणि ओळख मात्र झाली ती अमरावतीत, या ओट्यावर. प्रज्ञा चांदूर रेल्वेला तहसील कार्यालयात नोकरीला आहे. ती फक्त शनिवारी येते, बाकीचे दिवस फोनवर. चौथी मी. बॉटनीत एम.एस्सी. पानाच्या कडांचे प्रकार इंग्रजीत घडाघडा सांगू शकते. "मुलीला बरं नाही" एवढं लिहायला मात्र वीस मिनिटं लागतात.

अडतं ते नेहमी एकाच जागी. मोठे शब्द आम्हा सगळ्यांना येतात. पण त्या शब्दानंतर ऑफ लावायचं, फ्रॉम लावायचं, की विथ, हे काही केल्या ठरत नाही. वैशालीताई त्याला शेपूट म्हणतात. "शब्द सापडला वो, शेपूट सापडून नाही राहिलं." मी एक वही केली आहे. डावीकडे शब्द, उजवीकडे त्याचं शेपूट. मराठीत बोलताना आयुष्यात अशी वही लागली नाही. कुणावर रागवायचं आणि कुणाचा राग येतो, हे मला कोणीही न शिकवता कळलं.

आता यातली खरी गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं सगळं नुसतं हसण्यावारी जायला नको. माझी मुलगी ओवी, पाच वर्षांची. ती शाळेत बोलत नाही. अजिबात नाही. दिवाळीच्या आधी मॅडमनी डायरीत लिहिलं, की ओवी वर्गात एक शब्दही बोलत नाही, 'काइंडली लुक इनटू द मॅटर.' फेब्रुवारीत पहिलीच्या प्रवेशासाठी 'इंटरॅक्शन' असतं. प्रिन्सिपल मॅडम आईवडिलांना आणि मुलाला समोर बसवून गप्पा मारतात. जे मूल तोंड उघडत नाही, त्याला अजून एक वर्ष केजीतच ठेवतात.

मी ती ओळ दोनदा वाचली. 'लुक'ला 'इनटू' लागतं, हे आधी वहीत उतरवून घेतलं. मग मला रडू आलं.

* * *

वैशालीताईंच्या भाचीचं परतवाड्याला साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. सार्थकला, म्हणजे त्यांच्या मुलाला, घेऊन नऊच्या जीपने निघायचं होतं. त्यासाठी डायरीत एक ओळ हवी होती: सार्थक आज शाळेत येणार नाही.

'अ‍ॅब्सेंट'पर्यंत आम्ही झटक्यात पोचलो, आणि तिथे थांबलो. नाझिया म्हणाली, इन. मी म्हणाले, फ्रॉम. पण मी ते विचारल्यासारखं म्हणाले, आणि विचारल्यासारखं म्हटलेलं कोणी मानत नाही. प्रज्ञाला फोन लावला, तर तिची बस रेंजच्या बाहेर. तेवढ्यात घंटा झाली.

सार्थक नवा कुर्ता घालून, केसांना तेल चोपडून उभा होता. वैशालीताईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा कोऱ्या डायरीकडे.

"जाय बापा आत," त्या म्हणाल्या. "चुकीचं लिहून मॅडमपुढं मान खाली घालण्यापरीस तू शाळेत गेलेला बरा."

सार्थक आत गेला. नव्या कुर्त्यामुळे मॅडमना वाटलं वाढदिवस आहे. वर्गाने त्याच्यासाठी गाणं म्हटलं.

इकडे जीप निघून गेली. दहा वाजता परतवाड्याहून वैशालीताईंच्या धाकट्या भावाचा फोन. "कुठवर आली वो बाई?"

"कुठवर नाही. अजून ठरून नाही राहिलं."

"काय ठरून नाही राहिलं?"

"फोनवर नाही सांगता येत," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आमच्याकडे कोणतंही कार्य कोणीतरी रुसल्याशिवाय पार पडत नाही. आणि रुसलेल्या माणसाला फोनवर मनवत नाहीत, त्यासाठी जातीने जावं लागतं. परतवाड्याला सगळ्यांनी मिळून अर्थ लावला, की मागच्या लग्नात ओटी भरताना मोठ्या बहिणीचं नाव चौथं घेतलं होतं, ते बाईच्या मनात राहिलेलं आहे. पाऊण वाजता, शाळा नुकतीच सुटलेली, शाळेसमोर एक जीप थांबली. त्यातून भाऊ आणि चुलतभाऊ उतरले. हातात नारळ, पिशवीत साडी.

"चुकलं आमचं, बाई. तुह्याशिवाय कार्य नाही होत. चाल."

वैशालीताईंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही शाळेच्या पाटीकडे पाहिलं. मग त्या सावकाश उठल्या, साडी घेतली, सार्थकला काखेत मारलं आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "ताई, खरं का नाही सांगितलं?"

"खरं सांगतलं असतं त हसले असते," त्या म्हणाल्या. "अन् मागच्या लग्नाचं राहिलंच होतं ना वो."

* * *

झेरॉक्सवाले काका पूर्वी कोर्टाच्या आवारात झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसायचे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सगळं इंग्रजी. दोन महिने त्यांनी आमची सकाळची चर्चा मुकाट्याने ऐकली. एक दिवस मशीन बंद करून बाहेर आले.

"पोरीहो, तुमचं रोजचं काय चालू आहे ते मी ऐकून राहिलो. एक सांगतो, ध्यानात ठेवा. जिथं अडलं तिथं 'रिगार्डिंग' टाका."

"कुठेही?" मी विचारलं.

"कुठंही. पुढं जमीन असो का घटस्फोट."

आम्ही आठवडाभर 'रिगार्डिंग' वापरलं. ताप रिगार्डिंग, बाटली रिगार्डिंग, उशिरा येणं रिगार्डिंग. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. मी तर वही घरी ठेवून येऊ लागले. पण शनिवारी प्रज्ञा आली, तिने आम्हा तिघींच्या डायऱ्या चाळल्या आणि काकांना अगदी नम्रपणे विचारलं, "काका, हे बरोबर आहे याची खात्री आहे तुम्हाला?"

काका दुखावले. म्हणाले, "बाई, मी चाळीस वर्षं टायपिंग केलं. रिगार्डिंगपायी माझा एकही अर्ज फेटाळला गेला नाही."

मग थोडं थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "फेटाळले गेले ते दुसऱ्या कारणांनी."

* * *

नाझियाला वही लागत नाही. तिचं इंग्रजी म्हणजे मधले सगळे बारके शब्द गाळून उरलेलं इंग्रजी. हुंड्यातले बारीक खडे वेचावेत तसे ती ते वेचते आणि फेकून देते, असं मी एकदा म्हटलं, तर तिने मला सुधारलं, "हुंड्यात खडे नसतात, डाळीत असतात. तू घाबरली की मराठीपण चुकते." खरंच मला डाळ म्हणायचं होतं.

एका सकाळी तिच्या अयानचं आणि आमच्या ओवीचं, दोघांचंही पोट बिघडलं होतं. आदल्या दिवशी कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक खाल्ला होता. पोरं शाळेत सोडायची, पण मॅडमना कल्पना द्यायची, की जास्त झालं तर फोन करा.

मी ओट्यावर बसून लिहायला घेतलं. 'कम्प्लेन'ला काय लागतं? दुखण्याची तक्रार असेल तर ऑफ, कोणाची तक्रार असेल तर अबाउट. वहीत होतं. 'पेन'ला इन. तेही होतं. पंचवीस मिनिटांत मी चार ओळींचं असं पत्र लिहिलं, की ते एखाद्या पुस्तकात छापावं.

नाझियाने डायरीत लिहिलं: 'अयान स्टमक. यस्टरडे केक. फोर टाइम्स.' आणि खाली फोन नंबर.

दहा वाजता शाळेतून तिला फोन आला. मॅडमनी अयानला झोपवून ठेवलं होतं, लिंबूपाणी दिलं होतं, ती त्याला घेऊन गेली. ओवी साडेबारापर्यंत बाकावर बसून राहिली, पोट धरून. ती तर सांगणार नव्हतीच. माझ्या पत्राखाली मॅडमनी लाल शाईने लिहिलं होतं, 'वेल रिटन.'

संध्याकाळी मी नाझियाला फोन केला. मला बहुतेक तिने 'जाऊ दे' म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "देख, बच्चे का पेट दुख रहा है ना? तो पेट लिख, दर्द लिख. बीच का वो लोग समझ लेते."

मी म्हटलं, "चुकलं असतं तर?"

"तो क्या, बच्चा फेल हो जाता पेटदर्द में?"

* * *

माझा नवरा अकोल्याला नोकरी करतो. रोज बडनेऱ्याहून गाडीने जातो-येतो. आमची भांडणं बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर होतात, आणि इंग्रजीत. मराठीत भांडलं की लवकर संपतं, आणि मग म्हणायचं काही राहून जातं.

एकदा तो शाळेच्या पालकसभेला येतो म्हणाला आणि आला नाही. सभेत विषय होता, गप्प राहणारी मुलं. मी एकटी दुसऱ्या रांगेत बसून होते आणि सगळे माझ्याकडेच पाहताहेत असं मला वाटत होतं. घरी येऊन फोन हातात घेतला आणि लिहिलं, 'आय अ‍ॅम अँग्री'.

पुढे? माणसावर असेल तर विथ. गोष्टीवर असेल तर अबाउट. अ‍ॅटही चालतं म्हणतात. मला राग नक्की कशाचा आला होता? त्याचा? सभेचा? की दुसऱ्या रांगेत बसलेल्या स्वतःचाच? मी विथ लिहिलं, खोडलं. अबाउट लिहिलं, खोडलं. मग 'अँग्री'च नको म्हणून 'डिसअपॉइंटेड' लिहिलं, तर त्याची शेपटं आणखी जास्त निघाली.

मधे दूध उतू जाऊ नये म्हणून उठले, परत बसले. शेवटी सगळं खोडलं आणि 'ओके' एवढंच पाठवलं.

संध्याकाळी तो नेहमीपेक्षा दोन तास आधी दारात. हातात गिल्या वड्याचं, म्हणजे आमच्याकडच्या दहीवड्याचं, पार्सल, चेहरा उतरलेला.

"अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली," तो म्हणाला. "अर्धा तास 'टायपिंग' दिसत होतं. मग बंद झालं, मग परत सुरू झालं. मग नुसतं ओके आलं. एवढं काय लिहून खोडलंस ते सांग एकदा, मी बसून ऐकतो."

मी त्याला वही दाखवली. त्याने अँग्रीचं पान पूर्ण वाचलं. मग म्हणाला, "पुढच्या वेळी हे सगळे पर्याय पाठव. मी माझा निवडतो."

* * *

प्रज्ञाचं लग्न झालं तेव्हा तिच्या वडिलांनी तिला एक जाडजूड डिक्शनरी दिली. बाकीही दिलं असेल, पण ती सांगते फक्त डिक्शनरीबद्दल. तिच्या आजोबांना सही येत नव्हती, वडील शिक्षक झाले, ती तहसीलमध्ये लागली. वडिलांचं एकच म्हणणं होतं, की शब्द अडला तर लाजायचं नाही, पुस्तक उघडायचं. दर शनिवारी ती ते खाकी कव्हर घातलेलं पुस्तक घेऊन ओट्यावर येते आणि आमची परीक्षा घेते. आम्ही घाबरतो, पण येतो.

एका शनिवारी शब्द होता 'मॅरीड'. आम्ही तिघींनी बिनधास्त सांगितलं, विथ. प्रज्ञाने पान उघडून दाखवलं. टू.

"टू कसं काय?" वैशालीताई पेटल्या. "टू म्हणजे तिकडं, त्याच्याकडं. मी का एकटी चालत गेली होती त्याच्याकडं?"

"पुस्तकात असंच आहे, ताई."

"पुस्तक लिहिणाऱ्याचं झालं असंल टू. माह्यं विथच झालं. विथ सासू, विथ दोन नणंदा, विथ एक दीर. सगळ्यायसंग झालं लग्न."

नाझिया हसत सुटली. प्रज्ञा एरवी असल्या बाबतीत सोडत नाही. पण त्या दिवशी तिने पेन्सिल काढली आणि वडिलांच्या पुस्तकात, 'टू'च्या शेजारी, बारीक अक्षरात लिहिलं: परतवाडा, विथ.

* * *

दिवाळीच्या सुट्टीत मी ओवीला घेऊन अकोल्याला माहेरी गेले. जुन्या शहरात आमची गल्ली एवढी अरुंद आहे, की समोरच्या घरातली कुकरची शिट्टी आपलीच वाटते. भाऊ दुकानात, घरात वहिनी आणि मी. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत पडले होते. बाहेर कोणीतरी सतत बोलत होतं. वरच्या पट्टीतला, न थांबणारा आवाज. मला वाटलं शेजारची पोरगी.

"मावशी, तुमची भेंडी काहून एवढी वाकडी हाय? माह्या मामीनं सरळ आणाले सांगतली. अन् तुमी काल नाई आल्या, काहून नाई आल्या? तुमच्या बकरीले पिल्लू झालं का? मले दाखवता का? माह्या आईजोळ एक वही हाय, त्याच्यात लय शेपटं हायेत, पण बकरीचं नाई—"

मी उठून दारात आले. ओट्यावर भाजीवाल्या मावशींच्या टोपलीपाशी उकिडवी बसून माझी मुलगी बोलत होती. हातात भेंडी, दोन्ही गुडघ्यांना माती. मी ऐकत उभी राहिले. मला आठवेना, एवढी लांब वाक्यं तिने माझ्यापाशी शेवटची कधी बोलली होती.

तिने वळून मला पाहिलं. तोंड उघडं होतं, वाक्य अर्धं होतं. ते तिने मिटलं. भेंडी टोपलीत परत ठेवली.

गल्लीत एकदम कुकरचा आवाज ऐकू यायला लागला.

वहिनी कधी कोणाला लागेल असं बोलत नाही. पदराला हात पुसत ती म्हणाली, "ताई, तुम्ही थोडा वेळ आत पडा ना. पोरगी बोलून राहिली होती."

मी आत जाऊन पडले. पाच मिनिटांनी बकरीचं पुन्हा सुरू झालं.

* * *

त्यानंतर मी ठरवलं, की ओवी बोलत असताना मधेच तिला सुधारायची सवय सोडायची. अमरावतीला परत आल्यावर ती म्हणाली, "आई, आय अ‍ॅम अफ्रेड—" आणि माझ्याकडे पाहून थांबली.

मी शेपूट लावून दिलं नाही. हसले. 'कुत्र्याची भीती वाटते का?' एवढंच मराठीत विचारलं. ती मान हलवून निघून गेली.

कट्ट्यावर हे सांगितलं. म्हटलं, आता तर मी तोंडातून अक्षर काढत नाही, तरी ती थांबतेच.

वैशालीताईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तोंड बंद ठेवता वो तुमी. पण तुमचं कपाळ बोलते."

"म्हणजे?"

"आता 'म्हणजे' म्हणून राहिल्या ना, तसंच."

घरी जाऊन मी आरशासमोर उभी राहिले आणि मुद्दाम एक चुकीचं वाक्य बोलले. दोन भुवयांच्या मधे एक उभी आठी पडली, आपोआप. मी दुसरं चुकीचं वाक्य बोलले. पडली. पंधरा मिनिटं मी आरशासमोर चुकीचं इंग्रजी बोलत राहिले, आठी जावी म्हणून. ती काही गेली नाही. नवरा दारातून म्हणाला, "चांगली प्रॅक्टिस चालली आहे. एकही वाक्य बरोबर येऊ देत नाहीस."

त्या रविवारी टिकली जरा मोठी लावून पाहिली. आठी टिकलीच्या वर गेली.

* * *

फेब्रुवारीतली इंटरॅक्शन. सकाळी अकराची वेळ. नवऱ्याने सुट्टी घेतली होती. ओट्यावर वैशालीताई आणि नाझिया साडेनवापासून येऊन बसलेल्या. त्यांच्या पोरांचं आदल्या दिवशीच झालं होतं. प्रज्ञाने चांदूर रेल्वेहून मेसेज पाठवला होता, 'श्वास घे.' वैशालीताईंनी ओवीच्या हातावर साखर ठेवली आणि मला म्हणाल्या, "तुमी कमी बोला."

मी आठ वाक्यं पाठ केली होती. प्रज्ञाने तपासलेली. वाटेत गाडीवर मी ती हेल्मेटच्या आत म्हणत होते. ओवी आमच्या मधे बसली होती, सँडविचमधल्या काकडीसारखी, गप्प.

प्रिन्सिपल मॅडमची खोली थंड आणि नीटनेटकी. टेबलावर काचेचा पेपरवेट, त्याच्या आत निळं फूल. मॅडम वयाने मोठ्या, आवाज मऊ. त्यांनी ओवीला नाव विचारलं. ओवीने पेपरवेटकडे पाहिलं. आवडता रंग विचारला. ओवीने पेपरवेटकडे पाहिलं. मॅडमनी पेपरवेट उचलून तिच्या हातात दिला आणि यात काय आहे म्हणून विचारलं. ओवीने तो दोन्ही हातांनी धरला, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मॅडमनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. ते एकच अक्षर होतं की एक शब्द, ते मला उलट्या बाजूने वाचता आलं नाही. मी खूप प्रयत्न केला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. माझ्या आठ वाक्यांत नसलेलंच त्यांनी विचारलं. घरी ओवी सगळ्यात जास्त कोणाजवळ असते?

नवरा उत्तर देणार होता. पण प्रश्न मला होता. मी सरळ बसले.

"शी इज व्हेरी अटॅच्ड—" मी म्हणाले.

आणि थांबले.

टू? विथ? शब्द बरोबर होता. शब्दाच्या पुढे मात्र नुसती मोकळी जागा दिसत होती, पांढरी. मॅडम वाट पाहत होत्या. नवऱ्याने खुर्चीत थोडी हालचाल केली. पंखा फिरत होता. मला जाणवलं, की माझ्या कपाळावर ती उभी आठी पडलेली आहे, आणि ओवी खालून माझ्या चेहऱ्याकडे बघते आहे. मी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मॅडमनी पेन उचललं.

ओवीने पेपरवेट टेबलावर ठेवला. घसरू नये म्हणून जरा मागे सारून ठेवला.

"मॅडम, थांबा," ती म्हणाली. "आई आठवून राहिली."

मॅडमचं पेन हवेतच राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाच्या कडेवरून पुढे वाकून ओवीकडे.

"हो का?" त्या मराठीत म्हणाल्या. "किती वेळ लागेल?"

ओवीने माझ्याकडे नीट पाहून अंदाज घेतला.

"लागते तिले टाइम," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. "तवर तुमी मले इचारा."